कापडी नॅपी वापरायच्यात? आधी धुण्याचं गणित जमवा

आमचं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी रात्रीची नॅपी काढायला गेले, टिचबटण उघडलं आणि असा उग्र वास आला की डोळे चुरचुरायला लागले. धुतलेली नॅपी हं, आदल्याच दिवशी मशीनमधून काढून उन्हात वाळवलेली. बाळाची जांघ लालेलाल. मला वाटलं नॅप्याच खराब निघाल्या, दुसऱ्या मागवाव्यात. मग शोधाशोध केल्यावर कळलं की मी साबणच पुरेसा टाकत नव्हते. बाळाचे कपडे आहेत, नाजूक कातडी आहे, साबण राहायला नको म्हणून अर्धाच चमचा पावडर टाकायची, आणि नेमका त्यानेच बाळाला त्रास होत होता. नॅपी नीट धुतली गेली नाही की कापडात जंतू राहतात, ते शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि रात्रभर तेच बाळाच्या अंगाला लागून असतं.

म्हणून आधीच सांगते, कोणती नॅपी घ्यायची यावर लोक आठवडे घालवतात पण कापडी नॅपी सोडून देणारे बहुतेक जण धुण्यापायी नाहीतर लीक होण्यापायी सोडतात, आणि या दोन्ही गोष्टी नवीन नॅपी घेऊन सुटत नाहीत.

तरी प्रकार माहीत पाहिजेत. सगळ्यात साधं म्हणजे मोठं चौकोनी सुती कापड, घडी घालून बांधायचं आणि वरून वॉटरप्रूफ कव्हर. त्याचंच तयार रूप म्हणजे प्रीफोल्ड, मधे जाड थर शिवलेला असतो, तीन घड्या घालून नुसतं कव्हरमध्ये ठेवलं तरी चालतं. फिटेड नॅपी म्हणजे सगळीकडून शोषणारी, इलॅस्टिक लावलेली, पण तिलाही वरून कव्हर लागतंच. पॉकेट नॅपीत बाहेर वॉटरप्रूफ कापड, आत मऊ कोरडं अस्तर आणि दोन्हीच्या मधल्या खिशात इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी जाड पट्टी, भरायचा. आणि ऑल-इन-वन, सगळं एकत्र शिवलेलं, घालायला अगदी डिस्पोजेबलसारखं सोपं पण वाळायला सगळ्यात उशीर. माझं स्पष्ट मत विचाराल तर चौकोनी कापड आणि कव्हर याला तोड नाही. उलगडलं की एकच थर, त्यामुळे स्वच्छ निघतं पटकन आणि वाळतंही पटकन. पण घडी घालायला हात बसावा लागतो, त्यामुळे बाळाला आजी किंवा सांभाळणाऱ्या ताई बघणार असतील तर त्यांच्यासाठी पॉकेट नॅप्या भरूनच ठेवलेल्या बऱ्या. एकदम चोवीस नगांचा सेट मात्र घेऊ नका. दोन-तीन प्रकारांच्या एक-दोन घ्या, पंधरा दिवस वापरा, तुमच्या बाळाच्या मांड्यांना काय बसतं ते बघा, मग बाकीच्या.

किती लागतात? नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ वेळा बदलावी लागते, पुढे ६ ते ८ वर येतं. एक दिवसाआड धुणार असाल तर २० ते २४ पुरतात. कव्हर एवढी नकोत, पाच-सहा बस झाली, कारण नुसती शू असेल तर कव्हर आतून पुसून थोडं वाऱ्यावर ठेवून परत वापरता येतं. शी लागली तरच धुवायला.

आतल्या कापडाचं सांगायचं तर सुती भरवशाचं. बांबूचं सुतीपेक्षा जास्त शोषतं पण सावकाश वाळतं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, हळूहळू शोषतं पण धरून खूप ठेवतं. मायक्रोफायबर पटकन ओढून घेतं पण दाबलं की पाणी सोडतं, स्पंज दाबल्यासारखं, आणि ते थेट कातडीला लावायचं नाही, कातडीतला ओलावाही ओढतं, खिशात किंवा अस्तराखालीच ठेवा. नवीन सुती आणि हेम्पमध्ये नैसर्गिक तेलकटपणा असतो त्यामुळे पहिल्या दिवशी शू त्याच्यावरून चक्क घसरते. पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय ते पूर्ण शोषत नाही, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी पहिल्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून ठेवून देतात. बाळ यायच्या आधीच इतर कपड्यांबरोबर पाच-सहा फेऱ्या करून घ्या.

आता घालायचं, कारण लीकचं अर्धं कारण इथेच असतं. बाळाला आडवं ठेवा, नॅपी मागून कमरेपर्यंत वर घ्या, मग दोन पायांच्या मधून पुढे आणा. पायाचं इलॅस्टिक मांडीवर हाफचड्डीसारखं नाही यायला पाहिजे, जांघेच्या खाचेत बसलं पाहिजे, जिथे चड्डीची कड बसते तिथे. पोटाची बटणं लावली की दोन बोटं आत जातील एवढी जागा हवी. मग बोट फिरवून बघा, पायाभोवती कुठे फट राहिलीय का, आणि आतल्या कापडाचा एखादा कोपरा कव्हरच्या बाहेर डोकावतोय का. हे दुसरं फार महत्त्वाचं. अर्धा सेंटीमीटर कापड बाहेर राहिलं तरी दिव्यातली वात तेल ओढते तशी ते शू बाहेर ओढतं आणि अर्ध्या तासात झबलं ओलं. आमच्याकडे महिनाभर डाव्या बाजूनेच ओलं व्हायचं, मी रोज इन्सर्ट वाढवत होते, आणि कारण काय तर घडीचा डावा कोपरा. इलॅस्टिकच्या हलक्या लाल रेघा उठून थोड्या वेळात गेल्या तर काही नाही, सॉक्सच्या उठतात तशा, पण खोल वळ राहत असेल तर एक बटण सैल करा. पुढची वर-खाली बटणं म्हणजे नॅपीची उंची, ती बाळ वाढेल तशी बदलायची असते, हे पण विसरतं. नाळ पडलेली नसेल तोवर पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा.

मुलगा असेल तर जास्त जाडी पुढे लागते आणि नॅपी लावताना शूची जागा खाली वळवलेली पाहिजे, नाहीतर सगळं पोटावरून बाहेर. मुलीला मधे. आणि नॅपीवरून अगदी घट्ट बॉडीसूट घातला किंवा बाळ बराच वेळ सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेलं असलं तर दाबामुळेही गळतं, त्यात नॅपीचा दोष नाही.

दिवसा दोन ते तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच. कापडी नॅपीत बाळाला ओलं जाणवतं, ते लपून राहत नाही, आणि मला ते चांगलंच वाटतं कारण आपलंही लक्ष राहतं. रात्रीसाठी जास्त थर. वरती पटकन ओढणारं सुती किंवा बांबू, त्याच्या खाली हेम्प, असा क्रम ठेवा, उलटा लावला तर हेम्प शोषेपर्यंत शू बाजूने निघून जाते. वर कोरडं राहणारं फ्लीसचं लायनर, म्हणजे बाळाच्या अंगाला लागणारी पातळ मऊ पट्टी, टाकलं की बाळ निवांत झोपतं. आणि ओलं झालेलं बाळ रडत असेल तर रात्रीसुद्धा बदलायचंच, झोपमोड होईल म्हणून तसंच ठेवू नका.

क्रीमबद्दल एक. झिंक ऑक्साईडची घट्ट पांढरी क्रीमं कापडावर बसतात आणि मग कापड शोषत नाही. क्रीम लागणारच असेल तर मधे लायनर ठेवा, जुन्या सुती कापडाची पट्टी पण चालते. पावडर नकोच, ती उडून बाळाच्या श्वासात जाते.

आता धुणं.

वापरलेली नॅपी पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायची पद्धत सोडा. तेच पाणी कुबट होतं, इलॅस्टिक आणि कव्हरचा वॉटरप्रूफ थर लवकर जातो, आणि रांगत्या बाळाच्या घरात भरलेली बादली हा जिवाशी खेळ आहे, थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. उघड्या जाळीच्या टोपलीत किंवा सैल तोंडाच्या वॉटरप्रूफ पिशवीत कोरडीच टाका, हवा लागली की वास उलट कमी येतो. रात्रीची नॅपी मात्र सकाळी लगेच नळाखाली धरून पिळून टाका, तिच्यात शू सगळ्यात जास्त असते. शीचं म्हणाल तर बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तोवर ती पाण्यात विरघळते, पहिल्या फेरीत निघून जाते. वरचं सुरू झालं की घट्ट शी आधी टॉयलेटमध्ये टाकून, चिकटलेलं जेटने काढून मग टोपलीत. फेकायचे कागदी लायनर वापरत असाल तर ते कचऱ्यात, फ्लश करू नका, पाइप तुंबतात. दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, फार तर तीन.

मशीनमध्ये दोन फेऱ्या लागतात. पहिली छोटी, थोडा साबण घालून, ही फक्त शू-शी काढायला, आणि ते घाण पाणी निघून गेलं पाहिजे. दुसरी मोठी, पूर्ण साबण घालून, मशीनवर जितक्या वेळाची लांब फेरी असेल ती. पूर्ण साबण म्हणजे पाकिटावर जास्त मळलेल्या कपड्यांसाठी लिहिलेला असतो तेवढा, आणि पाणी जड असेल तर त्याहून थोडा जास्त, कारण जड पाण्यात साबणाची ताकद पाण्यातल्या क्षारांशीच खर्च होते. रोज ४० अंश चालतं, बाळाला जुलाब किंवा फंगल इन्फेक्शन झालं असेल तर ६०, पण कव्हरच्या लेबलवर किती चालतं ते बघून. ड्रम साधारण पाऊण भरलेला हवा. अगदी चारच नॅप्या टाकल्या तर त्या एकमेकींवर घासल्याच जात नाहीत, कमी पडल्या तर बाळाचे छोटे कपडे, टॉवेल टाका. शेवटी एकदा जास्तीचं विसळून घ्या, साबण राहायची भीती तिथे संपते.

हाताने धुणाऱ्यांसाठीही क्रम हाच. आधी गार पाण्यात खळबळून ते पाणी फेकायचं, मग गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास, मग चोळून, आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत विसळायचं. धुण्यासाठी असा अर्धा तास भिजवणं वेगळं आणि दिवसभर भिजत ठेवणं वेगळं.

फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही. तो धाग्यावर थर देतो, कपडा मऊ लागतो पण शोषत नाही. व्हिनेगरही नको, त्याने इलॅस्टिक कमकुवत होतं.

आणि सुरुवातीला सांगितला तसा डोळ्याला झोंबणारा वास येऊ लागला तर काय? आधी दोन्ही फेऱ्या पूर्ण साबण घालून, कापडाला चालेल तेवढ्या गरम पाण्यात करा. बऱ्याचदा एवढ्यानेच जातो. नाहीच गेला तर धुतलेल्या नॅप्यांना, परत सांगते धुतलेल्या, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ब्लीच एकदा, आणि मग भरपूर पाण्याने विसळून परत एक फेरी. शू असलेल्या नॅपीवर ब्लीच टाकायचं नाही आणि व्हिनेगर किंवा दुसऱ्या ॲसिडबरोबर तर अजिबात नाही, विषारी वायू निघतो. मी एवढं केलं आणि नंतर पावडरचं माप बदललं, त्या नॅप्या पुढे दीड वर्ष वापरल्या.

वाळवताना इन्सर्ट आणि सुती कापडं खुशाल उन्हात. शीचे पिवळे डाग ओलं कापड उन्हात टाकलं की आपोआप फिके होतात, दुपारी बघाल तर गायब. कव्हर मात्र सावलीत, आणि इलॅस्टिक गरम असताना ओढू नका. नॅपी दोरीवर टाकताना इलॅस्टिकला लटकवू नका, मधून आडवी टाका म्हणजे ओल्या कापडाच्या वजनाने ते ताणलं जाणार नाही. वाळून कडक झाली तर हाताने चुरगाळली की परत मऊ.

पर्यावरणासाठी म्हणून वापरत असाल तर हे वाळवणं खरंच महत्त्वाचं आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये हिशोब मांडला होता, अडीच वर्षांत एका मुलामागे डिस्पोजेबलचा साधारण ५५० किलो आणि कापडीचा सरासरी ५७० किलो कार्बन. म्हणजे जवळजवळ सारखाच! पण दोरीवर वाळवलं, मशीन भरून चालवलं आणि त्याच नॅप्या दुसऱ्या बाळाला वापरल्या तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. नुसती कापडी घेऊन भागत नाही, कशी वापरता त्यावर आहे सगळं.

रॅश आली तर आधी नॅपीशिवाय मोकळं ठेवा, जाड कापडावर झोपवा, साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, घासू नका. पण गडद लाल, कडेला बारीक पुळ्या आणि खाचांमध्ये पसरलेलं असेल, दोन-तीन दिवसांत कमी होत नसेल तर ते फंगल असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. औषध चालू असेपर्यंत डिस्पोजेबल वापरली तरी काही बिघडत नाही. प्रवासात, आजारपणात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दमलेल्या दिवसांतही वापरा. दिवसाला दोनच कापडी वापरल्या तरी वर्षात सातशेच्या वर डायपर वाचतात.

बाळ मोठं झालं की नॅप्या एकदा गरम पाण्यात धुऊन, पूर्ण कडकडीत वाळवून, कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट राहिलं तर बुरशी धरते. पुढच्या बाळाच्या वेळी इलॅस्टिक सैल वाटलं तर उसवून नवीन घालून घेता येतं, अर्ध्या तासाचं शिवणकाम आहे. आणि चौकोनी कापडांची तर नंतर इतकी छान पुसणी होतात, आमच्या ओट्यावर अजून आहेत.