डेटा सेंटरमधलं वीजमापन: या चुका टाळा

डॅशबोर्डवर आकडा दिसतोय म्हणजे मोजमाप बरोबर आहे, असं धरून चालू नका. बहुतेक घोळ मीटरच्या जोडणीतच असतो.

सुरुवात सीटीपासून (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारं उपकरण) करा. थ्री-फेज फीडरवर (पॅनलला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) एका फेजचा सीटी उलटा बसला, तर तिन्ही फेजवर सारखा लोड असूनही एकूण किलोवॅट एक-तृतीयांशच दिसतात. दोन सीटींची अदलाबदल झाली तर बेरीज थेट शून्याजवळ येते, आणि अँपिअर मात्र तिन्ही फेजचे अगदी व्यवस्थित! म्हणून नुसते अँपिअर पाहून पॅनल ताब्यात घेऊ नका. प्रत्येक फेजचे किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (एकूण केव्हीएपैकी किलोवॅटचा वाटा) वेगळे वाचा. सीटी रेशोची चूक याहून फसवी. मीटरमध्ये 400/5 (400 अँपिअरचे 5 अँपिअर करणारा सीटी) च्या जागी 200/5 भरलं की सगळं निम्मं दिसतं, आणि आलेखाचा आकार तोच राहत असल्याने संशयही येत नाही. टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा अँपिअर मोजणारा मीटर) लावून ताडून पाहा. हे करताना चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही उघडी सोडू नका, तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. आधी ती शॉर्ट करा, मग वायर काढा.

मीटरवर आकडा बरोबर आणि सॉफ्टवेअरमध्ये भलताच? मॉडबसचा (मीटरमधून आकडे सॉफ्टवेअरला पाठवण्याची पद्धत) रजिस्टर पत्ता, म्हणजे आकडा ठेवलेल्या जागेचा क्रमांक, एकाने सरकलेला असेल, किंवा 32 बिटच्या आकड्याचे दोन भाग उलट क्रमाने वाचले जात असतील.

रॅक बंद पाडणारी चूक अलार्ममध्ये असते. समजा, एकाच रॅकला दोन वेगळ्या फीडमधून वीज देणाऱ्या, 32 अँपिअरच्या ए आणि बी पीडीयूवर (रॅकमधल्या उपकरणांना वीज वाटणारं युनिट) प्रत्येकी 20 अँपिअर आहेत. अलार्म 80 टक्क्यांवर, म्हणजे 25.6 वर लावलेला, त्यामुळे सगळं शांत. ए फीड गेली की बी वर 40 अँपिअर येतात, आणि त्याचाही ब्रेकर पडतो. अलार्म दोन्हींच्या बेरजेवर लावा, तोही फेजनिहाय.

पीयूई (सेंटरची एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज; जितका कमी तितका चांगला) काढताना आयटी लोड यूपीएसच्या आउटपुटला मोजलात तर पुढच्या पीडीयू आणि केबलमधला तोटाही आयटीच्या खात्यात जातो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. मोजण्याची जागा अहवालात लिहा आणि आकडा वर्षभराच्या युनिट्सवरून काढा. जानेवारीतल्या एका थंड रात्रीचा पीयूई काही सांगत नाही.

महावितरणचं हाय टेन्शन कनेक्शन असेल तर बिल 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तास, ज्यात पॉवर फॅक्टरचाही परिणाम येतो) येतं. किलोवॅट-तासांशी ते जुळणार नाही. मुख्य इनकमरवर (बाहेरची वीज आत येते तिथे) केव्हीएएचचीही नोंद ठेवा आणि मीटरचं घड्याळ बिलिंग मीटरच्या वेळेशी जुळवून घ्या.