संहिता नसलेल्या नृत्याचे लाइट कसे करावेत

नाटकाचे लाइट करणाऱ्याकडे समकालीन नृत्याचा प्रयोग आला की तो सवयीने संहिता मागतो. ती नसते. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, ‘संध्याकाळ, दिवाणखाना’ असली सूचना नाही. सोलापुरात आम्ही बहुतेक जण राज्य नाट्य स्पर्धेत शिकून तयार झालो. त्यामुळे अशा वेळी ठरलेली वाट धरली जाते: उदास वाटलं तिथे निळा, राग वाटला तिथे लाल, शेवटी मधोमध एक स्पॉट. असं करू नका. अमूर्त नृत्यात शरीर, जागा आणि वेळ एवढाच ऐवज असतो. तो दिसावा की झाकावा हे तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हीही त्या कृतीचे कर्ते आहात. हॉलवर प्रयोगाच्या सकाळी उगवणारा माणूस हे काम करू शकत नाही.

तालमीला जा. पहिल्या वेळी नुसतं बघा. पुढच्या वेळी कागदावर रंगमंचाचा चौकोन काढा आणि कोण कुठून कुठे जातं त्या रेघा मारा. नृत्यदिग्दर्शकाला ‘याचा अर्थ काय’ विचारू नका, तिचंही डोकं फिरतं. विचारा: सगळ्यात जास्त वेळ स्थिर कुठे आहात? जमिनीवर आडवं कोण आणि किती वेळ? पाठमोरं कधी? आणि कुठला क्षण प्रेक्षकांना अर्धवट दिसला तरी चालेल? या शेवटच्या प्रश्नावर मला नेहमी सगळ्यात कामाचं उत्तर मिळालंय.

आता मुख्य गोष्ट, बाजूचा प्रकाश. नाटकात आपण समोरून लाइट टाकतो, कारण चेहरा आणि ओठ दिसायला हवेत. नृत्यात समोरचा प्रकाश शरीर चपटं करतो आणि मागच्या पडद्यावर सावल्या पाडतो. म्हणून विंगांमध्ये स्टँड उभे करा. प्रत्येक स्टँडवर तीन दिवे: एक जमिनीपासून फूटभर, एक कमरेच्या उंचीवर, एक डोक्याच्या वर. खालच्या दिव्याने पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटतात, पण त्याचा प्रकाश जमिनीवर सांडला तर सगळं फुकट. प्रोफाइल (झोताच्या कडा कापता येतात असा भिंगाचा दिवा) असेल तर शटरने खालची बाजू कापा. आतला दिवा बदलता येणारा जुना पार (डब्यासारखा साधा दिवा) असेल, तर त्याचा झोत लांबट असतो. मागून आतला दिवा फिरवून तो झोत आडवा करा, जमीन बरीच वाचते. एलईडी पारला ही सोय नाही, तिथे फ्लॅपच लावायला हवा. एका बाजूला किंचित उबदार आणि दुसऱ्या बाजूला किंचित थंड रंगाचं जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावलं की नर्तकी वळताना तिचा रंग वळतो. बहुतेक वेळा एवढा रंग पुरतो.

भाराचा हिशेब आधी करा. हजार वॅटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टँड म्हटले तरी बारा दिवे, म्हणजे पन्नास अँपिअरच्या वर. तीन फेजमध्ये वाटणी हॉलच्या वायरमनसमोरच करा. आणि जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा भाड्याचं सामान फार आधी सांगून ठेवा.

लाइटवाले कपड्यांकडे लक्ष देत नाहीत, ही सवय मला पटत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात वाढले, त्यामुळे हात आधी कापडाकडेच जातो. जॅकार्डच्या चादरीचं कापड बाजूच्या प्रकाशात धरा: विणीतली नक्षी उठून येते, धाग्याची कड दिसते. तेच समोरून उजळलं की सपाट. टॉवेलचं टेरी कापड मात्र प्रकाश पिऊन टाकतं. काळ्या पडद्यापुढे काळा पोशाख असला तर फक्त हात आणि मान तरंगतात. तसं हवं असेल तर उत्तम, नको असेल तर पोशाख करणाऱ्याला तालमीतच सांगा. आपला जिलेटिनचा तुकडा आणि त्यांचं कापड एका दिव्याखाली धरून बघायला दहा मिनिटं लागतात.

संगीताबाबत एक गृहीतक सोडा: प्रकाश तालावर बदललाच पाहिजे असं नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नृत्य आणि संगीत वेगवेगळं तयार करत. दोन्हींत सामाईक असे तो फक्त कालावधी. कनिंगहॅमच्या १९६४च्या ‘विंटरब्रँच’ या नृत्यात चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने प्रकाशही असाच सुटा ठेवला: नर्तक कधी अंधारात, तर कधी झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांवर. आपल्याकडे नृत्यदिग्दर्शक चंद्रलेखांच्या २००१च्या ‘शरीर’ या नृत्यात गुंदेचा बंधूंचं ध्रुपद होतं, प्रकाश सदानंद मेनन यांचा. आलापात मोजायला मात्रा नसतात. अशा ठिकाणी क्यू (प्रकाश बदलायची खूण) श्वासावर घ्यावा लागतो. नर्तकीचे खांदे वर जाताना दिसले की फेडर (बोर्डवरची प्रकाश कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हलवायचा, आणि तो फेड, म्हणजे हळूहळू होणारा बदल, दोन-तीन मिनिटं चालू द्यायचा. प्रेक्षकाला बदल झाल्याचं कळू नये, झालेला असावा. सूक्ष्म फेडसाठी बोर्डवरचा माणूस तालमी पाहिलेलाच हवा. गायक, वादक प्रत्यक्ष असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र) मंद दिवा ठेवा. त्यांना नर्तकी दिसली पाहिजे, आणि त्यांचा उजेड तिच्यावर पडता कामा नये.

नर्तक अनवाणी असतात. आदल्या दिवशीच्या नाटकाचे खिळे फळ्यांत राहिलेले असतात, म्हणून स्टँड लावण्याआधी झाडून घ्या आणि लोहचुंबक फिरवा. स्टँडच्या कडांना पांढरी पट्टी चिकटवा. विंगेतून अंधारात पळत आत येणाऱ्याला तीच दिसते. आणि नर्तकांना एकदा पूर्ण प्रकाशात चालवून बघा, कारण बाजूचे दिवे डोळ्यांत जातात आणि गिरकीत तोल सुटू शकतो. त्यांनी ‘हा दिवा त्रास देतोय’ म्हटलं तर वाद न घालता तो हलवा.

प्रयोग संपल्यावर सामान उतरवण्याआधी टेपने मापं घ्या: स्टँड विंगेच्या कडेपासून किती आत, दिव्यांची उंची, दोन विंगांमधलं अंतर. डिमरचे आकडे नव्हे, ही मापं पुढच्या गावाला उपयोगी पडतात. तिथे रंगमंच अरुंद निघाला तर स्टँड मागे सरकवा, पण उंची बदलू नका.