कोकण कपिला: पावसाआधी गोठ्यात काय उरकायचं

कोकण कपिला ही कोकणातली देशी गाय कातळावर, डोंगरउतारावर चरून जगते आणि दिवसाला दोनेक लिटर दूध देते. गाय काटक, म्हणून तिच्याकडे बघायचंच नाही, किंवा उलट जर्सीच्या मापाने औषध पाजायचं, हे दोन्ही पावसात अंगाशी येतं.

आधी वजन काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 54, लांबी 44 असेल तर साधारण 194 किलो. अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध किलोमागे 7.5 मिलिग्रॅम धरलं, तर अडीच टक्के द्रावणाचे 58 मिलि लागतात. 400 किलोच्या संकरित गायीला 120. डोळ्यांच्या अंदाजाने कमी पाजलं तर उरलेले जंत औषधाला दाद देईनासे होतात. गाय नुकतीच गाभण असेल तर हे औषध नको, डॉक्टरांना दुसरं विचारा.

जंतनाशक मेच्या मध्याला, मग आठ-दहा दिवसांनी घटसर्प आणि फऱ्या या पावसाळी रोगांची लस. पाऊस लागल्यावर टोचून उपयोग थोडा, कारण प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात.

उडवीतला (गंजीतला) पेंढा भिजण्याआधी त्यातला थोडा युरियाने मुरवून घ्या. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला. खडा राहिला तर विषबाधा होते, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावरांच्या तोंडापाशी अजिबात ठेवू नये. थर देत शिंपडा, तुडवून दाबा, ताडपत्रीने हवाबंद करून 21 दिवस ठेवा. खायला घालण्याआधी तासभर उघडा पसरा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नका.

पहिल्या पावसाचं कोवळं गवत उपाशीपोटी खाल्लं की हगवण लागते, पोटही फुगतं. सोडण्याआधी थोडा सुका पेंढा घाला.

खुरं सतत चिखलात राहिली की खुरांमधलं बेचकं कुजतं. 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून आठवड्यातून दोनदा खुरं बुडवा, पण आधी शेण धुऊन काढा. शेणात मोरचुदाचा जोर उरत नाही.

खाचराच्या बांधावर चरणाऱ्या गायीला गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमी होतात. जबड्याखाली सूज दिसली तर हे असू शकतं, शेण तपासून घ्या. त्यावरचं औषध ऑक्सिक्लोझानाईड फक्त मोठे कृमी मारतं, म्हणून भातकापणीनंतर पुन्हा एक मात्रा लागते, तीही वजनानेच.