कॉन्फरन्समध्ये नवा संघ घेताना या चुका टाळा

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) खेळणारी बहुतेक विद्यापीठं कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. गट वाढवायचा म्हटलं की चाहते आणि अधिकारी दोघंही आधी नकाशा उघडतात आणि मोठी शहरं शोधू लागतात. पहिली चूक तिथेच होते.

2014 मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाला घेतलं, ते न्यूयॉर्क परिसरातल्या केबल ग्राहकांकडे बघून. कॉन्फरन्सची वाहिनी केबलच्या पॅकेजमध्ये गेली की सामना बघा किंवा बघू नका, दरमहा पैसे येणारच. तिकडच्या अनेक मराठी घरांच्या बिलातही ते जात असणार. पण लोक केबल तोडू लागले आणि हे गणित लंगडं पडलं. आता मोजायचं ते शहर किती मोठं आहे हे नाही, तर सामना लावून बसणारे किती आहेत हे. त्यासाठी संघाचे पडते मोसम तपासा. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. तिथल्या विद्यापीठाचा संघ 2017 पासून सलग सात मोसम निम्मे सामनेही जिंकू शकला नाही, तरी लिंकन शहरातल्या त्याच्या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. यादीत असा संघ वर हवा. एखाद्या मोसमात दहा सामने जिंकलेला संघ प्रशिक्षक गेला की कुठे असेल, सांगता येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वेळापत्रक न मांडता आमंत्रण देणं. डब्ल्यूएसी (वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स) या गटाने 1996 मध्ये एका दमात सहा संघ घेऊन दहाचे सोळा केले, हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत. चार-चारांचे चार उपगट पाडले आणि या उपगटांच्या जोड्या आलटूनपालटून लावायचं ठरवलं. वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांना भेटेनासे झाले, प्रवासखर्च वाढला, वाटणीचे पैसे मात्र पातळ झाले. 1998 मध्ये ब्रिगहॅम यंग, युटा, वायोमिंग, एअर फोर्स यांच्यासह आठ जणांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि 1999 पासून माउंटन वेस्ट हा वेगळा गट सुरू झाला. नव्यांना आणताना जुनेच गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी कागदावर मांडून बघा. सोळा संघ, मोसमात प्रत्येकाचे गटातले नऊ सामने. तीन प्रतिस्पर्धी कायमचे ठेवले तर उरलेले बारा जण सहा-सहा करून दोन वर्षांत भेटतात. 2026 पासून एसईसीने (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) हीच रचना घेतली आहे. हे जमत नसेल तर सतरावा संघ कितीही नावाजलेला असो, थांबा. उलट एखाद्या संघामुळे तुटलेली जुनी चुरस परत जुळत असेल तर त्याला जास्त गुण द्या. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम 2011 नंतर खेळलेच नव्हते. टेक्सास एसईसीत आल्यावर 2024 मध्ये ते पुन्हा समोरासमोर आले.

फुटबॉलपुरता विचार करणं ही आणखी एक चूक. फुटबॉलचा संघ आठवड्याला एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना जास्त सामने आणि मधे वर्ग, परीक्षा. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड 2024 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेलं, त्याचा भार या मुलींवर जास्त पडतो. त्यांचा प्रवासही हिशेबात धरा.

पैशाची वाटणी पहिल्या दिवसापासून सारखीच हवी, असंही गृहीत धरू नका. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने नऊ वर्षं एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा सोडायची तयारी दाखवली आणि पहिल्याच मोसमात संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात व राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये पोहोचला.

आणि नकारही घाईत देऊ नका. टेक्सास व ओक्लाहोमा जाणार म्हणून 2021 मध्ये बिग 12 ही कॉन्फरन्स डळमळीत होती. तेव्हा तिथले संघ घेण्याची पॅक-12 या दुसऱ्या कॉन्फरन्सला संधी होती, पण विस्तार करायचा नाही असं तिने जाहीर केलं. 2024 च्या मोसमात तिच्याकडे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोनच संघ उरले होते.