स्टिरिओ स्लाइडचे माउंट घरगुती प्रमाणावर : साहित्य आणि डायचा खर्च

स्टिरिओ स्लाइड म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीची दोन पारदर्शक चित्रे; व्ह्यूअर या भिंगांच्या उपकरणातून पाहिली की ती एकत्र येऊन खोली दिसते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या अशा जोडचित्रांसाठी रूढ माउंट, म्हणजे चित्रे धरणारी चौकट, 41 × 101 मिलिमीटरचा असतो आणि त्यातील दोन खिडक्यांच्या मध्यांत सुमारे 62 मिलिमीटर अंतर असते. घडीचा माउंट करायचा असेल, तर उलगडलेला तुकडा 82 × 101 मिलिमीटर होतो. 22 × 28 इंची एका कार्डशीटमधून, कडेला जागा सोडून, असे 40 तुकडे निघतात. कार्ड सुमारे 300 जीएसएमचे (चौरस मीटरला 300 ग्रॅम), आम्लरहित आणि आतून काळे घ्यावे.

खरा खर्च कार्डाचा नसून डायचा, म्हणजे कार्ड कापणाऱ्या साच्याचा, आहे. प्लायवूडमध्ये पोलादी पाती बसवलेली डाय करून घ्यावी आणि जळगाव किंवा धुळ्यात मिठाईचे खोके पंच करणाऱ्याकडे नग मोजून पंचिंग करून घ्यावे. हिशेबापुरते समजा, डायला 4,000 रुपये लागले, तर 400 माउंटांवर प्रत्येकी 10 रुपये आणि 4,000 माउंटांवर अवघा 1 रुपया पडतो. जळगावात प्लास्टिकचे कारखाने पुष्कळ असले, तरी इंजेक्शन मोल्डच्या (वितळलेले प्लास्टिक दाबून भरण्याच्या साच्याच्या) वाटेला हौशी माणसाने जाऊ नये; तो साचा हजारो नगांशिवाय परवडत नाही.

पहिल्या पंचिंगनंतर खिडकीच्या कडा भिंगाखाली तपासाव्यात, कारण कागदाचा एखादा तंतूही व्ह्यूअरमध्ये दोरखंडाएवढा दिसतो. पाती बोथट झाल्यावर तेवढीच बदलता येतात. फिल्म पॉलिस्टरच्या पातळ चिकटपट्टीने आणि केवळ वरच्या कडेला अडकवावी. खानदेशातल्या मे महिन्यात स्वस्त पट्टीचा गोंद पाघळतो.