कॅरेक्टर बनवताना चेहऱ्याआधी वंश ठरवा

‘बाल्डर्स गेट 3’ हा व्हिडिओ गेम सुरू केला की बरेच जण नाक-डोळे आणि केसांच्या रंगातच तासभर रमतात. रमा खुशाल, पण आधी वंश (माणूस, एल्फ वगैरे) नीट विचार करून निवडा. स्वतः बनवलेल्या कॅरेक्टरचा चेहरा, केस, आवाज कॅम्पमधल्या (मुक्कामाच्या तळावरच्या) जादुई आरशासमोर पुढे केव्हाही बदलता येतो. (2023 मध्ये गेम आल्यावर काही आठवड्यांतच आलेली ही सोय फार मोलाची आहे.) क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, चुकला, तर कॅम्पमध्ये येणारं विदर्स हे पात्र 100 सोन्याच्या नाण्यांत तो नव्याने ठरवू देतं. वंश मात्र शेवटपर्यंत तोच राहतो, आणि त्याचा परिणाम थेट संवादांवर होतो. ड्राउ (भूगर्भातले एल्फ) घेऊन गॉब्लिन या बुटक्या राक्षसांच्या तळावर गेलात, की पहारेकरी वचकून वाट सोडतात. इतरांना तिथे सहसा गोड बोलून, दटावून किंवा लढून आत शिरावं लागतं.

ताकद, बुद्धी अशा गुणांना आकडे वाटून देताना सम आकडे धरा. 14 असो वा 15, फाशाच्या आकड्यात मिळणारा बोनस +2च असतो. 16 झाले की +3. त्यामुळे क्लासचा मुख्य गुण, म्हणजे विझार्डला इंटेलिजन्स, वॉरलॉकला करिश्मा, सुरुवातीलाच 16 वर न्या.