खिडकीच्या फटीत फोम भरला, तरी हवा अडत नाही

पॅसिव्ह घराची, म्हणजे गरम-थंड करायला अगदी कमी ऊर्जा लागणाऱ्या घराची, अट कडक आहे: 50 पास्कल दाबाला तासाभरात गळणारी हवा घरातल्या हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त नको. ही अट बऱ्याचदा खिडकीच्या चौकटीपाशीच हुकते. फटीतला पीयू फोम उष्णता अडवतो, पण चौकट हलली-फुगली की कडेने सुटतो. म्हणून आतून एअरटाइट टेप हवीच. ती चौकटीला आधीच चिकटवा, मग चौकट बसवा. नंतर हात पोचत नाही. कोपऱ्यात टेप ताणू नका, चुणी सोडा. भिंत झाडून प्रायमर मारा आणि टेप रोलरने दाबा. धुळीवर लावलेली टेप सोलून पाहा, मागे पिठासारखा थर दिसेल.

वायरिंगचे पाइप तर हमखास विसरले जातात. बाहेरून सील चोख, हवा मात्र पाइपाच्या पोटातून! वायर ओढून झाल्यावर तोंडही बुजवा.

ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा बसवून हवेची गळती मोजणं) फॉल्स सीलिंग आणि पॅनेलं लागण्याआधीच घ्या. पंखा हवा बाहेर ओढत असताना ओला हात सांध्यांवरून फिरवा. गार लागलं, तिथे फट आहे.